पंख्याचे पैसे द्या, गोष्टीचे नको : जुने हातपंखे जमवू पाहणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात जुन्या वस्तूंचा नाद असलेल्यांची कमतरता नाही. कुणी नाणी जमवतं, कुणी अडकित्ते, कुणी कुलपं, तर कुणाच्या माडीवर ग्रामोफोनची रांग लागलेली असते. हातपंख्याकडे मात्र सहसा कुणी वळत नाही. नवशिक्याला हे सोयीचंच आहे. भाव अजून डोक्यावर गेलेले नाहीत, जागा फार लागत नाही, आणि माल दुकानांपेक्षा घरांत जास्त आहे : माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात, रुखवताच्या गाठोड्यात.

या छंदात वस्तूपेक्षा तिच्याबरोबर येणारी गोष्ट महाग विकली जाते. ‘राजवाड्यातला आहे’, ‘मडमेचा आहे’, ‘या पंख्यानं बायका गुपचूप निरोप द्यायच्या’. पैसे मोजताना ती गोष्ट बाजूला काढायची आणि उरेल त्या पंख्याचे पैसे द्यायचे. पंख्याची म्हणून जी खुणांची भाषा जगभर सांगितली जाते, तिचाही बराचसा भाग दुकानदारीतूनच आलेला आहे. तिच्याकडे शेवटी येऊ, कारण ती मजेशीर आहे. आधी वस्तू.

आधी घर धुंडाळा

पहिला पंखा विकत घेऊ नका, मागून घ्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्या घरात लग्न झालं तिथं रुखवत मांडलं गेलं असणार, आणि रुखवतात मण्यांचा, लोकरीचा नाहीतर साटीनचा पंखा असण्याची शक्यता दाट. नवरीनं, तिच्या आईनं, मावशीनं महिनोन्‌महिने खपून केलेली ही कामं एक दिवस मांडली जातात, पाहुण्यांकडून वाखाणली जातात आणि मग ट्रंकेत जातात ती कायमचीच. बाजारात यांना भाव नाही. म्हणूनच डोळा तयार करायचा तो यांच्यावर.

मण्यांचा पंखा हाती आला की तो खिडकीच्या उजेडात न्या. मणी काचेचे की प्लॅस्टिकचे हे गालाला लावून कळतं. काच गार लागते, आणि पंखा आकाराच्या मानानं जड वाटतो. जुने काचमणी एका मापाचे नसतात, त्यामुळे ओवलेल्या ओळी कुठेतरी किंचित वाकतात आणि करणारीनं पुढच्या ओळीत बारका मणी घालून ते सावरून घेतलेलं दिसतं. मग दोरा पाहा. सुती दोरा वर्षांनुवर्षांत पिवळट आणि ठिसूळ होतो. पारदर्शक तंगूस दिसला तर पंखा अलीकडचा, किंवा निदान अलीकडे दुरुस्त केलेला. अस्तर आधीच उसवलेलं असेल तर आत डोकावून बघा (मुद्दाम उसवू नका). आकार ताठ राहावा म्हणून आत एखाद्या लग्नपत्रिकेचा किंवा कॅलेंडरचा तुकडा घातलेला असू शकतो, आणि त्यावर साल छापलेलं असलं तर तो पंखा त्या सालाच्या आधीचा नाही एवढं तरी पक्कं होतं. शेवटी मूठ. वापरातल्या पंख्याची मूठ एका बाजूला झिजते, काळवंडते. रुखवतातल्या पंख्याची मूठ शंभरातल्या नव्वद वेळा कोरी असते, कारण त्यानं कुणी वाराच घेतलेला नसतो.

विचारायला लाजू नका. ‘आज्जी, हा कुणी केला? कुणाच्या लग्नात?’ एवढं विचारलं की पुढची माहिती आपोआप येते. ती त्याच दिवशी लिहून ठेवा. फक्त देवघरात वापरात असलेला पंखा, मोरचेल (मोरपिसांचा कुंचा) किंवा चवरी मागू नका. वापरातली वस्तू वापरातच शोभते, आणि नको असताना भिडेखातर दिलेल्या वस्तूवरून पुढे नातेवाइकांत कुरबुरी होतात त्या वेगळ्याच.

याबरोबरच एक नवाकोरा ताडपत्राचा पंखा विकत आणून ठेवा. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला पाण्यानं भरलेल्या घटासोबत पंखा दान करायची रीत आहे, त्यामुळे त्या दिवसांत तो पूजासाहित्याच्या दुकानातही मिळू शकतो. जुनं काय ते कळायला शेजारी नवं असावं लागतं. नव्या पानाचा रंग, कडेची शिवण, मुठीचा ताजा काप एकदा नजरेत बसला की ‘फार जुना आहे’ म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून काढलेला पंखा लांबूनही ओळखू येतो.

सावंतवाडीचा वाळा

आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी. लाकडी खेळणी आणि गंजिफांसाठी ती सगळ्यांना माहीत आहे. पण एकोणिसाव्या शतकात तिथं वाळ्याच्या मुळांचे देखणे पंखेही होत. कडेला मोरपिसं, मध्ये जरीचं काम, आणि नक्षीत सोनपाखरू या किड्याच्या हिरव्या चकचकीत पंखांचे तुकडे शिवलेले. कोल्हापूरच्या संग्राहकानं एकाच प्रकाराच्या मागे लागायचं ठरवलं तर मी याच पंख्याचं नाव घेईन. तो आपल्या टापूतला आहे, आणि विलायती पंख्यांसारखी त्याची कायद्याची भानगडही फारशी नाही.

सोनपाखराचा खरा पंख सपाट नसतो, त्याला बाक असतो. पंखा हलकेच कलता केला की त्याचा हिरवा रंग निळ्याकडे, कधी तांबूस सोनेरीकडे सरकतो. सुईची भोकं टोकांना असतात आणि भोकाभोवती बारीक तडे गेलेले असू शकतात. तिथं प्लॅस्टिकची टिकली दिसली तर ती मागाहून लावलेली. वाळ्याचा वास कोरड्या मुळांनाही मंद येतो, पण विकणारा वास दाखवायला पंख्यावर पाणी शिंपडू लागला तर त्याचा हात धरा. ओल्या मुळांना बुरशी धरते, जर काळी पडते, आणि ओलं झालेलं रंगीत कापड पलीकडच्या पांढऱ्यावर उतरतं.

प्रकार आणि भाग, थोडक्यात

हातपंख्यांचे ढोबळ तीन वर्ग पुरेत. एक, न मिटणारे : ताडाचे, बांबूचे, वाळ्याचे, मण्यांचे. दुसरे, झेंड्यासारखे, दांडीच्या एका अंगाला चौकोनी पंखा आणि दांडी पोकळ मुठीत फिरणारी, म्हणजे मनगट गोल फिरवलं की वारा. तिसरे, मिटणारे, ज्यांची घडी होते. मिटणारा पंखा मूळचा जपानचा. तिथून तो चीनमध्ये गेला, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाराबरोबर युरोपात पोहोचला. लंडनमध्ये पंखे करणाऱ्यांच्या संघाला १७०९ साली राणी ॲनकडून सनद मिळाली, यावरून तिथं हा धंदा किती मोठा झाला होता हे कळेल.

मिटणाऱ्या पंख्यात काड्या असतात, दोन्ही कडांना दोन जाड काड्या, वर घड्यांचं पान (कागद, रेशीम, लेस किंवा कातडं), आणि खाली सगळ्या काड्या एकत्र धरणारा खिळा. काहींना पानच नसतं. नुसत्या रुंद, कोरलेल्या काड्या आणि त्यांना वरच्या टोकाशी ओवलेली फीत. चंदनाचे पंखे बहुधा असे असतात. खिळ्याला अडकवलेली कडी एकोणिसाव्या शतकात रूढ झाली, तेव्हा ‘अठराव्या शतकातला’ म्हणून दाखवलेल्या पंख्याला कडी असेल तर निदान खिळा तरी नंतर बदललेला आहे, असं धरून बोलायला लागा.

कायदा : हे वगळून पुढे जाऊ नका

परदेशी पुस्तकांत नि व्हिडिओंत जे सुंदर विलायती आणि चिनी पंखे दाखवतात, त्यातल्या निम्म्यांच्या काड्या हस्तिदंताच्या किंवा कासवाच्या पाठीच्या असतात. भारतात ते विकत घेणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार थांबला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनं आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. ‘दीडशे वर्षांपूर्वीचा आहे, त्याला चालतं’ असं विकणारा सांगेल. आपल्याकडे जुनेपणाची सूट नाही. वारशानं आलेल्या हस्तिदंतासाठीसुद्धा वन विभागाचं मालकी प्रमाणपत्र लागतं, आणि ते असलं तरी वस्तू विकता येत नाही. चीनमधल्या कँटन बंदरातून निर्यात होणाऱ्या चिनी पंख्यांवर रेशमी कपडे चिकटवलेली ढीगभर माणसं असतात. त्यांचे चेहरे बरेचदा हस्तिदंताच्या पातळ चकत्यांवर रंगवलेले असतात. काड्या लाकडाच्या आहेत म्हणून गाफील राहू नका.

हाड, हस्तिदंत आणि सेल्युलॉइड यांत फरक करायला दहापट भिंग घ्या. हाडावर बारीक तपकिरी ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या जागा. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते, पण काडीइतक्या पातळ तुकड्यात ती सापडेलच असं नाही. सेल्युलॉइड १८७० च्या दशकापासून बाजारात आलं. त्यावर एकसुरी समांतर रेघा असतात, आणि बोटानं चोळून गरम केलं की कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून बघायची युक्ती अजून लोक सांगतात. करू नका. सेल्युलॉइड भपकन पेटतं.

मोरपिसांबद्दल : गळून पडलेल्या पिसांची देशात खरेदी-विक्री चालते, देशाबाहेर पाठवता येत नाहीत. शिवाय १९७२ च्याच पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू खाजगी माणसाला निर्यात करता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. अमेरिकेतल्या भाचीला पणजीचा पंखा कुरिअर करायचा विचार असेल तर आधी तो किती जुना आहे ते पाहा.

कुठे शोधायचं

लक्ष्मीपुरीतला रविवारचा बाजार, गावातली भंगाराची दुकानं आणि जुनं घर पाडताना निघालेलं सामान ही जवळची ठिकाणं. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोरबाजार आहेच. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती, त्यामुळे मिटणारे पंखे तिकडे सापडण्याची शक्यता आपल्याकडच्यापेक्षा जास्त.

कोल्हापुरात एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून हे चित्रपटांचं गाव. ऐतिहासिक चित्रपटांसाठी इथं वर्षानुवर्षं दागिने, ढाली, चवऱ्या, पंखे बनवून घेतले गेले. त्यातलं बरंच सामान आता खरोखर जुनं झालंय आणि त्याच्यावर अस्सल धूळ आहे. असा पंखा वाईट नाही. चित्रपटाचं सामान म्हणून त्याचं मोल आहे, मी तर आनंदानं घेईन. पण ते दरबारी वस्तूचं मोल नव्हे. पत्र्यावर सोनेरी रंग, सरसानं चिकटवलेले काचेचे खडे, मागची बाजू साफ दुर्लक्षित, अशी खूण असेल तर तो कॅमेऱ्यापुरता केलेला आहे. दरबारात पंख्याची मागची बाजूही दिसायची.

बोलणं साधारण असं होतं. ‘पावणं, राजवाड्यातला हाय ह्यो.’ यावर ‘असेल की मामा, पण कागद हाय का काय?’ एवढंच म्हणायचं. हुज्जत घालायची नाही, हसायचंही नाही. कागद नसतो. मग पंखा हातात घेऊन शांतपणे उलटसुलट बघायला लागायचं, आणि गोष्टीचा उल्लेखही न करता त्याच्या दांडीबद्दल, पानाबद्दल बोलायचं. किंमत निम्म्यावर आली नाही तरी गोष्टीपुरती तरी उतरते. विक्रेत्याला तोडून बोलू नये याचं साधं कारण म्हणजे पुढच्या वेळी नवीन काही आलं की त्यानं तुम्हालाच फोन करावा.

हातात घेऊन पाहताना

मिटणारा पंखा सिनेमातल्यासारखा झटक्यात कधीच उघडू नका. हात धुऊन पुसून घ्या, अंगठ्या काढा. पानाची पुढची बाजू आपल्याकडे ठेवून डाव्या हातानं खिळ्याजवळ धरा, आणि उजव्या हातानं एकेक काडी सोडवत उजवीकडे न्या; युरोपी पंखे बहुतेक याच दिशेनं उघडतात. कुठे अडलं तर थांबा. घडी चिकटलेली असेल तर जोर लावल्यानं ती घडीवरच फाटते, आणि मग ‘तुम्हीच फाडला’ म्हणून तो पंखा तुमच्या गळ्यात पडतो.

उघडल्यावर काड्या मोजा आणि पानाच्या घड्या मोजा. हिशेब जुळला नाही तर एखादी काडी गेली आहे, किंवा एका पंख्याचं पान दुसऱ्याच्या काड्यांवर बसवलं आहे. पानाला पूर्वीच्या घड्यांच्या पुसट रेषा नव्या घड्यांच्या शेजारी दिसतात का, तेही पाहा. ‘हातानं रंगवलेलं’ म्हणून दाखवलेलं चित्र भिंगाखाली घ्या. नियमित ठिपक्यांची जाळी दिसली तर ती हाफटोन छपाई, म्हणजे १८८० च्या दशकानंतरची. वर एखाद-दुसरा ब्रशचा फटकारा मारून ठेवलेला असतो, त्याला भुलू नका.

चंदनी पंख्याची परीक्षा सोपी आणि मजेची आहे. दोन काड्या एकमेकींवर धरून उजेडाकडे करा. यंत्रानं कापलेल्या असतील तर भोकांवर भोकं बरोब्बर बसतात. हातानं कोरलेल्या असतील तर एखाद्या पाकळीचं टोक जरा लांब, एखादं भोक जरा तिरपं, आणि करवतीची अतिबारीक पात भोकातून काढताना कडेवर राहिलेले ओरखडे दिसतात. वासावर विश्वास ठेवू नका. तेल लावलं की कुठल्याही लाकडाला चंदनाचा वास येतो.

चिकटपट्टी लावलेला पंखा शक्यतो सोडा. तिचा डिंक कागदात मुरतो आणि पट्टी निघाली तरी तपकिरी डाग राहतो. याउलट खिळा सैल, फीत तुटलेली, झालर सुटलेली असल्या दुखण्यांना घाबरायचं कारण नाही. त्यांच्यामुळे भाव उतरतो, आणि फीत नवीन घालणं हे घरी करता येणारं काम आहे. जुनी फीत मात्र पाकिटात घालून जपून ठेवायची.

आपला पावसाळा

विलायती पुस्तकं पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवा म्हणून सांगतात. जुलैत कोल्हापुरात ते वाचून हसू येईल. तरीही करण्यासारखं बरंच आहे.

पंखे बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका; ओल भिंतीतूनच येते. स्टीलचं कपाट चालेल, पण घरातल्या मधल्या भिंतीशी. मिटणारे पंखे मिटूनच ठेवावेत, आम्लमुक्त कागदात सैल गुंडाळून. तो नसेल तर खळ धुऊन काढलेलं मांजरपाट उत्तम. वर्तमानपत्र नको, रबरबँड तर नकोच. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून परत वापरा. कसर आणि झुरळांसाठी वेखंडाचे तुकडे किंवा वाळवलेला कडुनिंब मलमलच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवावा, पंख्याला न टेकवता. सेल्युलॉइडचा पंखा वेगळ्या डब्यात, हवा लागेल असा ठेवा. तो जुना होताना आम्लाची वाफ सोडतो आणि शेजारच्यांना खराब करतो.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, उघडीप असेल त्या दुपारी, डबे उघडून बघा. पंखे उन्हात टाकायचे नाहीत, फक्त छताच्या पंख्याखाली, सावलीत अर्धा तास. पांढरी बुरशी दिसली तर घरात झटकू नका. बाहेर नेऊन, नाकाला रुमाल बांधून, मऊ कोरड्या ब्रशनं एकाच दिशेनं काढा. ओलं फडकं नाही.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं हे ज्यांच्या घरात शिरलं त्यांना सांगायला नको. नदीच्या बाजूला तळमजल्यावर राहत असाल तर संग्रह एकाच हलक्या, झाकण घट्ट बसणाऱ्या पेटीत मावेल इतकाच ठेवा, आणि मे संपायच्या आत ती पेटी वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडे पोहोचवा.

दाखवण्यासाठी पंखा उघडून ठेवायचा असेल तर त्याला तिरका आधार द्या. उघडलेला पंखा सपाट नसतो; काड्या एकीवर एक चढत गेल्यामुळे त्याची एक बाजू उंच असते. भिंतीवर खिळा ठोकून टांगलेला पंखा वर्ष-दोन वर्षांत खिळ्यापाशी ताणून तुटतो. उजेडही कमी हवा. रेशीम आणि पिसांचे रंग एकदा उडाले की परत येत नाहीत.

नोंद

प्रत्येक पंख्याला क्रमांक, तो सुती दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं. पंख्यावर काही लिहायचं नाही. वहीत माप, साहित्य, काड्यांची संख्या, कुणाकडून, कधी, किती रुपयांना. आणि एक वेगळा रकाना ‘सांगितलेली गोष्ट’ या नावाचा. राजवाड्याची, मडमेची, जी काही असेल ती तिथं लिहा, सांगणाऱ्याच्या शब्दांत. ‘माहिती’च्या रकान्यात तिला येऊ द्यायचं नाही, पण फेकूनही द्यायची नाही. कधीतरी दहातली एक खरी निघते.

पडताळायला कोल्हापूर बरं गाव आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे. जुन्या मासिकांतली छायाचित्रं आणि जाहिराती चाळायला तिथं जा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा आणि कोल्हापूरचा १८८६ चा. त्यांत त्या काळच्या कारागिरांबद्दल आणि उद्योगांबद्दल वाचायला मिळतं. टाउन हॉलमधलं संग्रहालय आणि न्यू पॅलेसमधलं शहाजी छत्रपती संग्रहालय ही दोन्ही डोळे उघडे ठेवून फिरावीत, विशेषतः जुनी चित्रं आणि छायाचित्रं बघत. कुणाच्या हातात कसला पंखा आहे, तो कुणी कुणावर धरलाय, हे पुस्तकापेक्षा तिथं चटकन समजतं.

आता ती ‘भाषा’

कथा अशी सांगतात : जुन्या युरोपात मुलींवर आईबापांची नजर असायची, म्हणून त्या नाचाच्या समारंभात पंख्याच्या खुणांनी प्रियकराशी बोलायच्या. पंखा उजव्या गालाला टेकवला की ‘हो’, डाव्या गालाला टेकवला की ‘नाही’. गालावरून ओढत नेला तर ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’, मुठीतून ओढला तर ‘मला तुझा तिटकारा आहे’. पंख्याची मूठ ओठांना लावली तर ‘माझं चुंबन घे’. डाव्या हातात गरगर फिरवला तर ‘आपल्यावर कुणाची तरी नजर आहे’, उजव्या हातात फिरवला तर ‘माझं दुसऱ्यावर प्रेम आहे’. सावकाश वारा घेतला तर ‘माझं लग्न झालंय’, भराभरा घेतला तर ‘माझा साखरपुडा झालाय’. हातातून पडला तर ‘आपण मित्र राहू’.

आता जरा विचार करा. मेणबत्त्यांनी तापलेला हॉल, गच्च कपडे, शेकडो माणसं. घामाघूम झालेल्या बाईनं जोरात वारा घेतला की साखरपुडा जाहीर! डावा हात कुणाचा, तिचा की समोरच्याचा, यावरच अर्धी लग्नं मोडली असती. शिवाय ही यादी सगळ्यांना ठाऊक असेल तर ती आईलाही ठाऊक असणारच, मग गुपित ते काय राहिलं?

यादीचा माग काढला तर ती पॅरिसच्या दुव्हेलरॉय या पंखेवाल्यांपाशी येते. १८२७ साली सुरू झालेल्या या पेढीची पुढे लंडनमध्ये शाखा निघाली, आणि पंख्याबरोबर खुणांचं पत्रक देण्याची टूम तिनं काढली. छान विक्रीकला. आज कुठेही दिसणारी यादी बहुतेक त्याच पत्रकाची नक्कल असते. त्याआधी, १७९७ साली लंडनमध्ये एक पंखा निघाला होता, ज्याच्या पानावरच संकेतलिपी छापलेली होती : अक्षरांचे पाच गट, आणि पंख्याच्या हालचालींनी आधी गट, मग त्यातलं अक्षर दाखवायचं. एक वाक्य पुरं होईस्तोवर नाच संपत असणार. बैठकीतला खेळ म्हणून ते ठीक होतं. त्याच्याही आधी, १७११ साली, इंग्रज लेखक जोसेफ ॲडिसननं एका विनोदी निबंधात बायकांना पंख्याची कवायत शिकवणारी शाळा रंगवली, सैनिकांसारखी : पंखे सज्ज करा, पंखे उघडा, पंखे झाडा, पंखे खाली ठेवा! त्यात निरोपांचा कोश नाही. पण पंखा हलवण्याच्या लकबीवरून बाईची मनःस्थिती कळते, ही थट्टा आहे, आणि तेवढं मात्र खरं असावं. रागावलेल्या बाईचा पंखा ओळखायला पत्रक लागत नाही.

म्हणून विक्रेत्यानं ‘हा भाषेचा पंखा’ म्हटलं तर फक्त एकच प्रश्न : खुणा त्याच्यावर छापल्या आहेत का? छापल्या असतील तर ती खरोखर घेण्यासारखी वस्तू. नसतील तर तो नुसता पंखा, आणि भाव नुसत्या पंख्याचा.

पंख्याची पक्की भाषा बघायची असेल तर लांब जायला नको. शुक्रवारी रात्री अंबाबाईची पालखी निघते तेव्हा चवरी-मोरचेल कुणाच्या हातात आहे, कुणावर ढाळलं जातंय, कोण किती अंतरावर उभं आहे, यात मानपान चोख मांडलेला असतो. जुन्या दरबारी चित्रांतही मोरचेलवाला ज्याच्या मागे उभा तो राजा. बाकीच्यांचे दागिने कितीही भारी असोत. जपानमध्ये राकुगो नावाचा कथाकथनाचा प्रकार आहे. त्यात उशीवर बसलेला एकटा कलावंत मिटलेल्या पंख्याच्याच जेवणाच्या काड्या करून शेवया खातो, त्याचीच चिलीम करतो, तलवार करतो. ही भाषा प्रेक्षकांच्या रोजच्या सरावाची आहे.

गॅदरिंगला किंवा महिला मंडळाच्या कार्यक्रमात विलायती यादी करून दाखवायला काहीच हरकत नाही, लोक हसतात, रंग भरतो. त्यासाठी मात्र नवे कागदी पंखे आणा. ‘मुठीतून ओढणे’ आणि ‘गरगर फिरवणे’ या दोन खुणा जुन्या पंख्याचा खिळा हमखास सैल करतात.